तरसाची डावी बाजू

माझी आई म्हणते, ही पाळण्यातसुद्धा पाठ टेकून झोपली नाही. खरंच आहे. मला एका जागी बसवत नाही. लग्नाच्या पंगतीत मी वाढायला उभी राहते, ते पुण्य लागावं म्हणून नव्हे, बसावं लागू नये म्हणून. आणि अशा बाईनं पोटापाण्याला काय निवडावं? तर रानातल्या जनावरांची मोजणी! निम्मा वेळ दबा धरून गप्प बसायचं आणि उरलेला निम्मा वाट बघायची. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. पण हौस माझीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

घर शहरात, सावेडीला, आणि त्या वर्षीचं काम कर्जत तालुक्यात, काळविटांच्या अभयारण्यात आणि त्याला लागून असलेल्या माळांवर. काळविटं दिवसाढवळ्या दिसतात, सकाळी चालत चालत मोजता येतात, ते काम मला आवडतं. पण कोल्हा, लांडगा, खोकड, तरस हे सगळे रात्रीचे गडी. त्यांच्यासाठी पायवाटेच्या कडेला कॅमेरे बांधून ठेवायचे. समोरून काही ऊबदार हललं की कॅमेरा आपला आपण फोटो काढतो. अधूनमधून जाऊन फोटो उतरवून घ्यायचे आणि ठरलेले दिवस भरले की कॅमेरे उचलून पुढच्या भागात न्यायचे. आमच्याकडे कॅमेरे मोजके, माळ अफाट.

मोजणीचे प्रमुख आमचे सर. कॉलेजात त्यांनी मला प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त झाले आहेत. माणूस इतका शांत की चहा प्यायला घेतला तर तो निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो. मी त्यांच्याशेजारी बसले की माझ्या अंगाला मुंग्या यायच्या. सर वनखात्याच्या एका खोलीत राहायचे आणि मी अभयारण्याच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीवर, मावशींकडे. मावशी नात्यातल्या नव्हेत. शेतकरी बाई, घरात नवरा, दोन म्हशी, विहीर, आणि कुंपणापर्यंत पोचलेला उन्हाळी मका. भाकरी अशी करायच्या की मी मुद्दाम उशिरा उठून गरम खायची.

तरसांच्या मोजणीत एक गोम असते, ती आधी सांगते. तरसाच्या अंगावरचे पट्टे आपल्या हाताच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. त्यावरून कुठलं तरस कोण ते ओळखायचं. पण एकाच तरसाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही एकमेकांशी जुळत नाहीत. नुसत्या डाव्या बाजूचा फोटो असेल तर उजवी बाजू कशी असेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बांधतात, म्हणजे एका फेरीत दोन्ही बाजू मिळतात.

शिमगा होऊन गेला होता. सकाळी मी मावशींच्या ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन फोटो बघत होते. गवताचं हललेलं पातं, परत पातं, शेळी, शेळी, शेळ्यांमागे मावशींची जाऊ, खोकड, आणि मग तरस. या वाटेवर आलेलं पहिलंच तरस. डावी बाजू, पट्टे अगदी स्वच्छ, खांद्यावरचा एक पट्टा फुटून दोन झालेला. "आलीस का बाई!" मी खुशीत म्हटलं. तरस मराठीत ते, आणि सर बजावायचे की नर आहे का मादी हे कळलेलं नसताना ती म्हणू नये. पण मला ती पहिल्यापासून तीच वाटली. फोटो मोठा केला तर मानेत काहीतरी रुतलेलं. केस दुभंगलेले, त्यात काळी रेघ, आणि गळ्याखाली एक टोक लोंबत, चकाकत होतं. तार होती ती.

मावशी परातीत पीठ मळत होत्या. त्यांना फोटो दाखवला.

"आगं बया!" त्या म्हणाल्या. "डुकराची तार हाय ती. रानडुकराला फास लावत्यात त्याची."

"कुणी लावली?"

"आता कुनाचं नाव घिऊ? समद्यांच्याच बांधाला हायेत."

"तुमच्यासुद्धा?"

त्यांचा हात थांबला नाही. "आमच्याबी."

मग माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. जनावर तडफडून मरतं, पाणी प्यायला गेलं तरी तार आत जाते, तुम्हाला काही वाटतं का, असलं सगळं. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं बोलून? रातच्याला डुकरं येत्यात आन् उभा मका आडवा करत्यात. तू मोजून जातीस. राखायला कोन येनार हाय, तू का तुजं सर?" मला आणखीच राग आला. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जेवणं बंद केलं आणि बिस्किटांवर दिवस काढू लागले. सर म्हणाले, अन्नावर राग काढू नये. मी त्यांच्यावरही राग काढला.

सरांनी वनखात्याला कळवलं. बचाव पथक आलं, भुलीची बंदूक घेऊन, आणि अभयारण्यातले ओढे, झुडपं, कपारी सगळं हिंडलं. तरस काही भेटेना. मला तर बसणं, उठणं, झोपणं काहीच सुधरेना. तार दर दिवशी थोडी आत जात असणार, एवढंच डोक्यात. दिवसातून दोनदा कॅमेऱ्याकडे पळायची. सर म्हणायचे, तू इतक्या येरझाऱ्या घातल्यास तर तुझ्याच वासाने ते ही वाट सोडेल. कळत होतं मला. तरी पाय तिकडेच वळायचे. त्यात समोरच्या कॅमेऱ्यात लाल मुंग्यांनी घर केलं होतं, तो तिच्या फोटोच्या आधीपासूनच बंद होता. दुसरा मिळेपर्यंत वाटेला एकच डोळा राहिला.

त्या एका डोळ्याने मग एका पहाटे फोटो काढला. तरस, उलट्या दिशेने परत येणारं. उजवी बाजू. मान मोकळी, केस सरळ, तार नाही! मी लॅपटॉप घेऊन धावतच सरांच्या खोलीवर गेले. सरांनी चष्मा पुसला, फोटो पाहिला, परत चष्मा पुसला आणि चक्क हसले. "जाताना तार होती, येताना नाही. कुठेतरी अडकून तुटली असणार. सुटलं बिचारं!" त्यांनी लगेच फोन केला आणि पथकाचा शोध थांबला. माझा जीव भांड्यात पडला. कर्जतहून भेळ आणली, वनरक्षकांना वाटली. संध्याकाळी मावशींनी न विचारता ताट वाढलं आणि मीही न बोलता जेवले.

रविवारी सावेडीला घरी आले. आई शेंगा फोडत बसली होती आणि मी तिला दोन्ही फोटो दाखवत, नेहमीसारखी उभ्याउभ्या, भाषण देत होते. "हे बघ, तार असताना. आणि हे तार गेल्यावर. पट्टे बघ आई, प्रत्येक तरसाचे वेगळे असतात. इतकंच काय, डावीकडचे पट्टे आणि उजवीकडचे..."

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आई म्हणाली, "काय झालं?" काय झालं म्हणून काय सांगू! एका फोटोत डावी बाजू, दुसऱ्यात उजवी. ही एकच कशावरून? वाटेवर एकच तरस आहे हे आम्ही आमच्या मनानेच धरलं होतं. वर्षानुवर्षं हेच काम करणारी आम्ही दोघं, आनंदाच्या भरात जे पहिल्या दिवशी शिकतात तेच विसरलो होतो. ज्याला तरसाचे पट्टे माहीत नाहीत त्यानं अशी चूक केली नसती, त्यानं दोन्ही फोटो बघून नुसतं 'बरं' म्हटलं असतं, फोन करून शोध थांबवला नसता.

सरही रविवारचे आपल्या घरी आले होते. स्कूटर काढली आणि त्यांच्याकडे गेले. सर बनियनवर, हातात पाइप, कुंड्यांना पाणी घालत होते. मी फाटकातूनच ओरडले, "सर, बाजू!"

एवढंच पुरलं. सरांच्या हातातला पाइप खाली पडला आणि पाणी अंगणभर झालं. "आपण दोघंही गाढव आहोत," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी एवढा कडक शब्द कधी ऐकला नव्हता. बनियनवर शर्ट चढवला आणि आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून निघालो. वाटेतच त्यांनी वनखात्याला फोन केला, माझी चूक झाली, शोध परत सुरू करा म्हणाले. पलीकडून विचारलं असावं, मग हे दुसरं तरस आहे अशी खात्री आहे का? सर खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "खात्री कशाचीच नाही. तेच असेल, नसेल." एवढ्यावर भुलीची बंदूक घेऊन पथक परत कोण पाठवणार? तार नसलेल्या तरसाच्या दोन्ही बाजू एकदम मिळायला हव्यात, डावी बाजू ताडून बघायला हवी. तोवर हात बांधलेले. गाडीत मी इतकी चुळबुळ करत होते की सर म्हणाले, तू चालव, निदान पाय गुंतून राहतील.

मुंग्यांचा कॅमेरा काढून तिथे चालता कॅमेरा बांधला. खरं म्हणजे इथले दिवस भरले होते, कॅमेरे पुढच्या भागात न्यायचे होते. सर म्हणाले, "पुढचा भाग पळून जात नाही." मी त्या दिवसांत किती वेळा देवाचं नाव घेतलं ते विचारू नका, एरवी मी नवसाबिवसातली नव्हे.

मग एका सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच वेळचे दोन फोटो आले. उजवी बाजू तीच, मोकळ्या मानेची. आणि समोरच्या कॅमेऱ्यात त्याच तरसाची डावी. मी खांदा बघितला. पट्टा सरळ होता. फुटलेला नव्हता. दुसरंच तरस! म्हणजे आमची तारवाली अजून तार घेऊनच कुठेतरी होती, किंवा कुठेच नव्हती. मला तिथेच रडू फुटलं.

सर मात्र फोटोकडे बघतच राहिले. "याच्या तोंडात काय आहे बघ."

शेळीचा पाय होता. एकच कॅमेरा चालू होता तेव्हाचे मागचे फोटो आम्ही काढून पाहिले. हे तरस पहाटे या वाटेने यायचं, तोंडात काहीतरी धरून, दर वेळी एकाच दिशेला. तरस पोट भरल्यावर उगाच हाडं वाहत नाही. कुणासाठी तरी नेत होतं. त्या दिशेला अभयारण्याचं कुंपण संपतं आणि पलीकडे एक बंद पडलेली खडीची खाण आहे. पथकाने अभयारण्य पालथं घातलं होतं, पण खाण त्याच्या बाहेर.

उन्हं वर आली होती. खाणीच्या काठावर आम्ही पोटावर सरकत गेलो आणि दुर्बीण लावली. खालच्या कपारीच्या तोंडाशी, करंजाच्या सावलीत, ती पडलेली होती. डावी कूस वर. खांद्यावरचा पट्टा फुटून दोन झालेला. मान सुजून डोक्याएवढी झाली होती. बराच वेळ काही हललं नाही. मग पोट वर झालं, खाली गेलं.

"जिवंत आहे," मी म्हटलं, आणि सरांचा हात इतका घट्ट धरला की त्यांना 'आई गं' म्हणावं लागलं.

फोनला रेंज वस्तीवरच. सर गेले. मला म्हणाले, "तू इथे राहा. नजर काढू नकोस आणि हलू नकोस. तिला चाहूल लागली आणि ती आत कपारीत शिरली, तर डॉक्टरला काही करता येणार नाही." पथकाच्या डॉक्टर लांबून यायच्या होत्या. तरवडाच्या झुडपाच्या बुडाशी, तापलेल्या मुरमावर, मी पालथी पडून राहिले. पायाला मुंग्या, डोळ्यांत घाम, कोपराखाली खडे. एरवी मी बँकेच्या रांगेतही टिकत नाही. त्या दिवशी हललेच नाही. ती अधूनमधून जीभ बाहेर काढायची, मान उचलायचा प्रयत्न करायची आणि सोडून द्यायची. मी मनातल्या मनात तिच्याशी बोलत होते, अगदी आपल्या घरातल्या आजारी माणसाशी बोलतो तसं. थांब गं, आल्या बघ डॉक्टर, थोडं थांब.

दुपार कलताना सर, डॉक्टर आणि पथक आलं. डॉक्टर माझ्याहून लहान, किडकिडीत बाई, पण काम करायला लागल्या की बाकीच्यांना बोलायची छाती होईना. एका नेमात भूल दिली. ती उठली, दोन पावलं गेली, बसली, आडवी झाली. आम्ही उतरलो. जवळ गेल्यावर तो वास! डॉक्टरांनी डोळ्यांवर फडकं टाकलं, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "मादी आहे. दूध आहे. पिल्लं आत असणार." मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "बरं बाई, ती."

"अंग फार तापलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पाणी हवं, भरपूर."

आणि तेव्हा वरून मावशी उतरताना दिसल्या. डोक्यावर हंडा, मागे नवरा दोन घागरी घेऊन. सर फोनवर बोलत असताना त्यांनी ऐकलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. मावशींनी पदर खोचला आणि तिच्या अंगावर, पायांवर ओंजळीओंजळीने पाणी घालायला लागल्या. मी डोकं धरलं होतं. डॉक्टरांनी पक्कडीने तार तोडली आणि मांसातून हळूहळू सोडवली. ती पुरती बाहेर आली तेव्हा मावशींनी ती हातात घेतली, नवऱ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "बगा. नीट बगा." त्याने रिकाम्या घागरी उचलल्या. मग परत विहिरीकडे गेला आणि आणखी पाणी घेऊन आला.

जखम धुऊन झाली. डॉक्टर म्हणाल्या, "हिला नेलं तर पिल्लं जातील. औषध दिलंय, इथेच सोडू." मी म्हटलं, "डॉक्टर, एकदाच कुशीवरून वळवू का? उजवी बाजू कधीच मिळालेली नाही." त्या माझ्यावर डाफरल्या, "अंग तापलंय तिचं, हात काढा आता. सगळे वर व्हा!" बरोबरच होतं त्यांचं.

जाग आणायचं इंजेक्शन देऊन आम्ही काठावर गेलो. ती उठली. लटपटली, परत उठली. मान झटकली, आणखी एकदा झटकली, जणू तिलाच खरं वाटेना. मग वळून कपारीकडे चालू लागली, आणि उजवी कूस आमच्याकडे झाली. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. माझा हात मावशींच्या हातात होता, आणि आम्ही दोघी इतक्या रडत होतो की कॅमेऱ्याची आठवण झाली तेव्हा ती आत गेली होती.

"मिळाली का उजवी?" सरांनी विचारलं.

"बघितली," मी म्हटलं. "फोटो नाही."

पावसाळ्यात आकडे काढायला बसलो. तरसांची मोजणी एकाच बाजूवर करायची असते, ज्या बाजूचे फोटो जास्त असतील त्या. दोन्ही धरल्या तर एकच जनावर दोनदा मोजलं जाईल. आमच्याकडे उजव्या बाजूचे जास्त. मी उजव्या बाजूचा एकेक फोटो पाहिला, परत परत पाहिला. त्या दिवशी खाणीत डोळ्यांनी पाहिलेले पट्टे एकातही नव्हते. सरांशी भांडले. सर म्हणाले, "तुझ्या आठवणीवर जनावर मोजता येत नाही. गाढवपणा एकदा झाला तेवढा पुरे." आकडा तिच्याशिवाय गेला.

कॅमेरे बांधायचे, मागे राहिलेले पट्टे आणायला मी वस्तीवर गेले. मावशींच्या बांधाला तार नव्हती, शेजारच्या बांधाला होती. मावशी नवऱ्याबरोबर रात्री आळीपाळीने मक्यात डबा बडवत बसत होत्या आणि तरीही निम्मा मका डुकरांनी नेला होता. ते त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत, नुसतं सांगितलं. मग भाकरी तव्यावरून काढून माझ्या ताटात टाकत म्हणाल्या, "काय मग, झाली का तुमची मोजनी? तरसं किती निगाली?"

मी आकडा सांगितला.

"आन् आपली?" मावशी म्हणाल्या. "ती धरली न्हवं त्यात?"

मोजणीच्या कामात मी खोटं बोलत नाही. एक खोकडसुद्धा मी कधी वाढवून सांगितलेलं नाही.

"धरली," मी म्हटलं. "तिच्याशिवाय कसं मोजणार?"